एकेचाळीस आणि सत्तेचाळीस

खंडेनवमीला अंबडच्या कारखान्यांत मशीन चालत नाही. आदल्या संध्याकाळीच सगळी मशीनं पुसून, तेलाचे डाग काढून ठेवलेली असतात. सकाळी झेंडूच्या माळा चढतात, हळदीकुंकू लागतं, नारळ फुटतो आणि कामगारांच्या घरची माणसं आत येतात. एरवी ज्या फाटकात डबासुद्धा वॉचमनच्या हाती द्यावा लागतो, तिथून त्या दिवशी बायकापोरं नवे कपडे घालून फिरतात आणि आमच्या ह्यांचं मशीन ते, असं एकमेकींना दाखवतात.

कुंदनचा कारखाना तसा लहान, अकरा माणसांचा. थकलेली लेथ मशीनं आणायची, त्यांचं लोखंड ठेवायचं आणि डोकं बदलायचं, हा त्याचा धंदा. डोक्याचं काम हर्षालीकडे. बाहेरून तयार कंट्रोल विकत न घेता साध्या औद्योगिक कॉम्प्युटरवर, वेळेचा काटेकोर हिशेब ठेवणारं रिअल-टाइम लिनक्स घालून, आपला स्वतःचा कंट्रोल बनवायचा असं तिने कुंदनच्या गळी उतरवलं होतं, आणि गेली दीड वर्षं ती त्यातच बुडालेली होती. पहिलं मशीन सिन्नरच्या जयराम सानपांकडे जायचं होतं. ते पंपाचे शाफ्ट बनवायचे. मशीन पास झालं तर पुढची चार त्यांचीच होती. नापास झालं तर कुंदन बाहेरचा कंट्रोल घेणार, हे त्याने हर्षालीला चहा पाजून, गोड शब्दांत, पण स्पष्ट सांगितलं होतं.

खंडेनवमीला तिचे अण्णा, सोमनाथ बोरस्ते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिच्या स्कूटीवर मागे बसून आले. मशीनपाशी जाण्याआधी त्यांनी चपला काढल्या. मग लेथच्या बेडवर हात ठेवला, जत्रेत बैल पारखणारा माणूस पाठीवर ठेवतो तसा, आणि बराच वेळ तो उचलला नाही.

मशीनशेजारी माणसाच्या उंचीचं लोखंडी पॅनल होतं. त्याच्या पोटात तो कॉम्प्युटर. वायरिंगचा सगळा कारभार रविराजचा, म्हणून पॅनलची पूजाही त्याचीच. पंचेचाळिशीचा, जिभेने तिखट आणि हाताने हळुवार माणूस. त्याने पॅनलचं दार उघडून आत कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, उंबऱ्यासारख्या पट्टीवर नारळ ठेवला होता आणि दाराच्या मुठीपासून मशीनच्या दिव्यापर्यंत झेंडूची जाडजूड माळ ओढली होती. पूजा मांडली की दसरा उतरेपर्यंत ती कुणी हलवत नाही.

पॅनलच्या आत कॉम्प्युटर चालू होता. स्क्रीनवर एक आकडा होता आणि त्याखाली आणखी एक आकडा भराभर वाढत होता.

अण्णांनी विचारलं, हे काय चाललंय. हर्षालीने त्यांना समजावलं. कंट्रोलने सेकंदात हजार वेळा जागं व्हायचं, टूल कुठवर आलं ते पाहायचं आणि मोटारीला पुढचा हुकूम सोडायचा. प्रत्येक वेळी जाग यायला थोडा वेळ लागतोच. तो किती लागतो ते ही चाचणी मोजते. सरासरीला इथे किंमत नाही. लाखात एकदा जरी जास्त वेळ लागला तरी त्या क्षणी टूल अडखळतं आणि जॉबवर, म्हणजे कातल्या जाणाऱ्या लोखंडावर, रेघ उठते. म्हणून चोवीस तास चाचणी चालवायची आणि त्यातला सगळ्यात वाईट आकडा बघायचा. शंभर मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या, आत राहिला तर जिंकलो. आज सगळं बंद आहे, कुणाची लुडबुड नाही, म्हणून आजचाच दिवस धरला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. कारखान्यातली माणसं भोवती पेढे खात उभी होती. मग ते म्हणाले, "पूजेच्या दिवशी परीक्षा घेऊ नये, हर्षे."

"अण्णा, मशीन बंदच आहे. नुसता कॉम्प्युटर चालू आहे."

"तेच म्हनतो मी. थंड मशीन लय गोड बोलतं."

रविराज हसला, कुंदन हसला. हर्षाली त्यांच्याहून मोठ्याने हसली. ती म्हणाली की कॉम्प्युटरला सकाळ काय आणि दुपार काय, दोन अधिक दोन चारच. अण्णा म्हणाले, "असंल." आणि त्यांनी हातातला अर्धा पेढा तोंडात टाकला. मग कुंदनने मोबाइलवर सगळ्यांचा पूजेसमोर फोटो काढला. परत जाताना अण्णांनी वाटेत स्कूटी थांबवायला लावून हर्षालीच्या आईसाठी शेवंतीची वेणी घेतली. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मिक्सरचं भांडं बसत नव्हतं, ते त्यांनी कानस मारून बसवून दिलं. इतकंच. त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी साडेपाचला ते आंब्याची पानं आणायला म्हणून उठले, छाती जड वाटते म्हणाले, आणि सातला डॉक्टरांनी हात जोडले. हर्षाली दवाखान्याच्या बाकावर बसली होती तेव्हा फोन थरथरला. कुंदनचा मेसेज होता: सगळ्यात वाईट आकडा एकेचाळीस, अभिनंदन. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी घरात माणसं बसलेली असताना कुंदनने चाचणीचा रिपोर्ट पाठवला. सानपांना हवा होता, फक्त तिची सही राहिली होती. तिने तो न वाचताच मोबाइलवर बोटाने सही केली आणि आईजवळ जाऊन बसली.

तेराव्याला अण्णांच्या जुन्या कंपनीतले सात-आठजण आले. सातपूरच्या त्या कंपनीत अण्णा एकतीस वर्षं टर्नर होते, लेथ चालवायचे. ती माणसं मांडी घालून बसली आणि सोम्या बोरस्तेच्या हाताबद्दल बोलू लागली. त्याचा जॉब कधी इन्स्पेक्शनमधून परत आला नाही, एकदा मायक्रोमीटर बिघडला तेव्हा त्याने चिमटीने माप सांगितलं आणि ते खरं निघालं, वगैरे. हर्षाली चहाचे कप फिरवत ऐकत होती. ह्यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं, कारण तिने कधी विचारलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात कुणी वडिलांबद्दल विचारलं की ती म्हणायची, प्रॉडक्शनमध्ये आहेत. पदवीदानाच्या दिवशी तर एका मैत्रिणीच्या आईला तिने सांगितलं होतं की तेही इंजिनिअरिंग लाइनमधलेच. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी हो म्हणून मान हलवली आणि हात पाठीमागे घेतले. त्या हातांच्या रेघांतलं काळं कितीही साबण लावला तरी निघायचं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ती कामावर गेली. सानप शनिवारी येणार होते.

रविराजने सांत्वनाचे शब्द बोलायचा प्रयत्न केला, ते त्याला जमले नाहीत, म्हणून त्याने तिच्या हातात एक शाफ्ट दिला. म्हणाला, नख फिरवून बघा ताई. चकाकणाऱ्या पोलादावरून तिने नख ओढलं. मधोमध ते किंचित अडलं. उजेडात धरल्यावर दिसली: केसाहून बारीक, अंगठीसारखी गोल रेघ.

चाळीस शाफ्ट काढले, त्यात असे दोन. टूल बदललं, बार बदलला, कूलंट बदललं, बेअरिंग उघडून पाहिलं. कुंदन म्हणाला की सॉफ्टवेअर तर सिद्धच झालंय, एकेचाळीस. हर्षालीलाही तसंच वाटत होतं. तरी आपल्यावर आळ नको म्हणून तिने जेवणाआधी चाचणी पुन्हा लावून दिली. ह्या वेळी मशीन चालू, आजूबाजूचं सगळं चालू, पॅनलचं दार नेहमीसारखं बंद.

दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी स्क्रीनवरचा सगळ्यात वाईट आकडा बदलला. सहाशे बारा.

ती खुर्चीतून उठली. पहिल्यांदा वाटलं डोळे फसवताहेत. मग पंधरा दिवस जे शरीर नुसतं इकडून तिकडे नेलं जात होतं ते एकदम जागं झालं. तिला कडकडून भूक लागली. रविराजच्या डब्यात मेथीची भाजी आणि अर्धी भाकरी उरली होती, ती तिने उभ्याउभ्या खाल्ली. नजर स्क्रीनवरच होती. रविराज म्हणाला, "ताई, सहाशे म्हणजे वाईट ना? मग तुम्ही हसताय कशाला?"

"सापडला म्हणून," ती म्हणाली.

पण सापडला कुठे होता. चोरी झाली एवढं कळलं होतं. चोर कोण ते पुढे.

मंगळवारी तिने संशयितांची यादी केली आणि एकेकाला बाहेर काढायला घेतलं. ऑफिसच्या नेटवर्कची केबल ओढली. दुपारी अडीचला पुन्हा सहाशे. स्क्रीनच काढून टाकला आणि दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर आकडे पाहिले. सहाशे. प्रोसेसरला डुलकी घेऊ देणाऱ्या वीजबचतीच्या सगळ्या सोयी बंद केल्या. त्या तिने आधीच बंद केल्या होत्या, तरी पुन्हा तपासल्या. सहाशे. मग शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डिंगचा झटका विजेतून येत असेल म्हणून रविराज तिकडे जाऊन, जरा वेल्डिंग करा बरं, असं सांगून आला. तो वेल्डर चक्रावला. दहा वर्षं शेजारी येऊन वेल्डिंग बंद करा म्हणून भांडत होते, आज पहिल्यांदाच कुणी करा म्हणत होतं. त्याने मोठ्या मनाने पाऊण तास ठिणग्या उडवल्या. आकडा तेहतीसच्या वर गेला नाही. वेल्डर निर्दोष सुटला.

संध्याकाळी निघण्याआधी तिने शेवटचा उपाय केला. एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने बाकी काहीच करायचं नाही, एका प्रोसेसरवर ठिय्या देऊन नुसतं घड्याळाकडे बघत बसायचं. आता घड्याळात खड्डा पडला तर त्याचा अर्थ एकच, की तेवढा वेळ ह्या पहारेकऱ्यालाच कुणीतरी बेशुद्ध केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तो लावायचा असं ठरवून ती घरी गेली. आई म्हणाली, चेहऱ्यावर जरा रंग दिसतोय तुझ्या. हर्षालीला लाज वाटली. खुंटीवर अण्णांचा पांढरा शर्ट अजून होता, आणि आपण वाटभर गुणगुणत आलो हे तिच्या लक्षात आलं.

बुधवारी आभाळ भरून आलं. रविराजच्या भावाची पिंपळगावला द्राक्षं होती, नुकतीच छाटणी झालेली. कोवळ्या फुटीवर डावणीचा रोग पडणार म्हणून रविराज सकाळपासून ढगांना मोजून शिव्या घालत होता. हर्षालीने पहारेकरी बसवला. दहा वाजले, बारा वाजले, अडीच वाजले. साडेतीन झाले. एक खड्डा नाही. चोर आलाच नाही.

तिला चोर हवा होता. न येणं ही सगळ्यात वाईट गोष्ट होती. न सापडता गेलेला दोष शनिवारी सानपांसमोरच परत यायचा. कुंदन येऊन म्हणाला, चला, मिटलं म्हणायचं का. ती म्हणाली, मिटलं नाही, दडलंय. कुंदन गेला. रविराज फोनवर भावाला विचारत होता, तिकडं ऊन पडलं का, गारवा आहे का अजून. हर्षाली ते ऐकत होती आणि ऐकता ऐकता थांबली.

सोमवारी ऊन. मंगळवारी ऊन. दोन्ही दिवशी चोर दुपारी आला होता, पत्रा तापल्यावर. आज गारवा.

तिला अण्णा आठवले. शाळेला सुटी असताना त्यांचा डबा घेऊन ती एकदा कंपनीत गेली होती आणि वॉचमनने तिला आत सोडलं होतं, नऊ-दहा वर्षांची असेल. अण्णा लेथ चालू करून नुसतेच उभे होते. काम का करत नाही म्हणून तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, तापू दे जरा. सकाळी लोखंड आखडलेलं असतं, तेव्हा माप बरोबर येतं, आणि दुपारी तेच मशीन फुगतं आणि माप पळतं. म्हणून आधी अर्धा तास फिरवायचं, मग शेवटचा कट घ्यायचा. थंड मशीनवर घेतलेल्या मापावर विश्वास ठेवायचा नाही.

"पूजेच्या दिवशी परीक्षा घेऊ नये," असं ते म्हणाले होते. त्यात तिला फक्त पूजा ऐकू आली होती.

तिने मोबाइल काढला आणि कुंदनने पाठवलेला खंडेनवमीचा फोटो उघडला. इतके दिवस तिने तो उघडला नव्हता. अण्णा कडेला होते, मान वाकडी करून पॅनलच्या आत बघत होते. तिने त्यांच्या चेहऱ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं आणि पॅनलकडे पाहिलं. दार सताड उघडं. माळ ओढलेली, नारळ मांडलेला. दार लावायला पूजा मोडावी लागली असती, म्हणून कुणी लावलंच नव्हतं. शेजारची सगळी मशीनं बंद, मोटारी बंद, आणि कॉम्प्युटरला चोवीस तास मोकळी हवा. त्याच्या जन्मात पुन्हा कधी मिळणार नाही अशी हवा. त्या दिवशीच्या आठ कोटी चौसष्ट लाख मोजण्यांत एकही अशी नव्हती की जिला ह्या कारखान्यात काही अर्थ होता.

"रविराजभाऊ," ती ओरडलीच, "तुमची हीट गन आणा."

वायरवर नळी आवळून बसवायला रविराज जी गरम हवेची गन वापरायचा ती त्याने आणली, पण हातात देईना. म्हणाला, दीड वर्षाचं काम आहे ताई, जाळायचं आहे का. तिने कॉम्प्युटरच्या आतल्या बोर्डाचं तापमान स्क्रीनवर एका कोपऱ्यात लावलं, दुसऱ्या कोपऱ्यात पहारेकरी. मग तिने सांगितलं, लांबून धरा, पापड भाजल्यासारखं, आणि मी थांब म्हटलं की थांबा.

बावन्न अंश. पंचावन्न. पहारेकरी शांत. अठ्ठावन्न. रविराजच्या कपाळावर घाम. साठ. कुंदन आवाज ऐकून आला आणि हीट गन पाहून दारातच खिळला. एकसष्ट. बासष्ट.

सहाशे अठरा.

"थांब," ती म्हणाली. रविराजने गन मागे घेतली. बासष्ट, साठ, सत्तावन्न. शांत. "पुन्हा." साठ, एकसष्ट, बासष्ट. सहाशे नऊ. तिसऱ्यांदा रविराजने स्वतःहून गन धरली आणि आकडा चढायच्या आधीच मोठ्याने म्हणाला, आला बघा, आला, आला, आणि तो आला. सहाशे चौदा. कुंदन तोंडाला हात लावून हसत सुटला. पाच वर्षांच्या पोराला पतंग उडवता आल्यावर तो जसा हसेल तसा. पेमेंट, चार मशीनं, शनिवार, सगळं त्या क्षणी विसरून.

चोर घरचाच निघाला. बोर्डाच्या पोटात, लिनक्सच्याही खाली, बोर्ड बनवणाऱ्यांनीच बसवलेला एक प्रोग्राम होता, छुपा कारभारीच. बासष्ट अंश झाले की पंख्याचा वेग बदलायला तो कुणाला न विचारता अख्खा कॉम्प्युटर थांबवायचा, आपलं काम उरकायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात निघून जायचा. घरात कुणी आलं नाही, गेलं नाही, आणि डब्यातला लाडू मात्र गेला, असा तो प्रकार. बोर्डाच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन हर्षालीने त्याची ती जबाबदारी काढून घेतली आणि पंखा कायम पूर्ण वेगाने फिरत ठेवला. रविराजने पॅनलच्या खालच्या अंगाला जाळी मोठी केली. पंखा आता सतत घोंघावायचा. रविराज म्हणाला, बायको माहेरी गेली तरी आता शांतता नाही.

गुरुवारी ऊन परत आलं. असं कडक, की ऑक्टोबरच्या त्या उन्हाला तिने मनातल्या मनात बरं केलंस म्हटलं. सकाळी दहाला चाचणी लावली. पॅनल बंद, कुलूप लावून. लेथ चालू. कॉम्प्रेसर चालू. ऑफिसमधून मोठ्या फायली इकडून तिकडे. शेजारचा वेल्डर आता इतका सामील झाला होता की दर तासाला येऊन विचारायचा, अजून मारू का. दुपारी तीनला पॅनलच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. तिने लावलेला हात तसाच ठेवला.

शुक्रवारी सकाळी दहाला चोवीस तास झाले. सगळ्यात वाईट आकडा: सत्तेचाळीस. चाळीस नवे शाफ्ट, एकावरही रेघ नाही. नख फिरवून फिरवून रविराजचं नख गुळगुळीत झालं. एकेचाळीसपेक्षा हा आकडा मोठा होता, म्हणजे कागदावर वाईट. हर्षालीला तो फार आवडला.

कुंदनचं म्हणणं होतं की नवा रिपोर्ट पाठवून द्यावा आणि जुन्याबद्दल चकार शब्द काढू नये. तो तिच्यावर दबाव आणत नव्हता. तिलाच सांभाळत होता. सही तिची आहे, दिवस कसले होते ते सगळ्यांना माहीत आहे, उगाच कशाला उकरायचं. तिने नवा रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मगच सही केली.

शनिवारी जयराम सानप आले. साठीचे, उंच, सिन्नरच्या बोलीचे. एका लेथवर सुरुवात करून आता बावीस मशीनं उभी केलेली. त्यांनी चहा बाजूला ठेवला, बाही वर केली आणि तासभर शाफ्ट काढायला लावले. प्रत्येक हातात घेऊन उजेडात फिरवला. चेहऱ्यावर काही दिसेना. मग खिशातून घड्या घातलेले दोन कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी पसरले.

"ताई, मला इंग्रजी जास्त कळत नाय, पर आकडा कळतो. पंधरा दिवसांमागं एकेचाळीस होता. आता सत्तेचाळीस. काम पुढं गेलं का मागं?"

कुंदन पटकन म्हणाला की सर, तो पहिला जरा प्राथमिक होता. सानपांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते हर्षालीकडे बघत होते. रविराज हातातली चिंधी पिळत उभा राहिला.

आता खोटं बोलायचीही गरज नव्हती. प्राथमिक होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि मशीन सोमवारी ट्रकवर चढलं असतं. हर्षालीने पहिला कागद उचलला.

ती म्हणाली की हा खोटा आहे. आकडा खोटा नाही, परीक्षा खोटी होती. त्या दिवशी पूजा होती, पॅनलचं दार उघडं होतं, सगळं थंड होतं. तुमच्याकडे दुपारी हेच मशीन सहाशेवर गेलं असतं आणि शाफ्टवर रेघा उठल्या असत्या. मी सही केली, कागद न वाचता. दुसरा कागद मी वाचलाय. पॅनल बंद ठेवून, उन्हात, सगळ्या गोंगाटात तो आकडा आलेला आहे.

सानप उठले. पॅनलपाशी गेले, बंद दाराच्या पत्र्यावर तळवा टेकवून क्षणभर उभे राहिले, आतला पंखा ऐकला. परत येऊन म्हणाले, पहिला कागद फाडू नका, दोन्ही जोडून ठेवा, मशीनसंगं येऊ द्या. कुंदनने तेव्हा कुठे श्वास सोडला.

"पर एक सांगा," सानपांनी बाही खाली घेत विचारलं. "गरम करून बघायचं, ही पुस्तकातली गोष्ट नाय. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या वडिलांनी."

"अस्सं. कुठल्या कंपनीत इंजिनिअर हायेत?"

रविराजने मान खाली घातली. कुंदन काहीतरी बोलायला पुढे झाला. हर्षालीने त्याला हाताने थांबवलं. ती बोलली ते सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं.

"इंजिनिअर नव्हते. माझे वडील टर्नर होते. सोमनाथ बोरस्ते. एकतीस वर्षं लेथवर उभं राहून त्यांनी मला इंजिनिअर केलं. खंडेनवमीला ह्याच जागी उभे राहून त्यांनी मला सांगितलं, आणि मी सगळ्यांसमोर त्यांना हसले. त्यांचं बरोबर होतं. माझं चुकलं."